शेवटच्या आठ ओळी

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी योगीराजचं पत्र आलं. योगीराज माझी लॅब सोडून गेला त्याला चौदा वर्षं होत आली.

दुपारी मंजुनाथने उलगडा केला. मंजुनाथ आमच्या लॅबची मशीनं सांभाळतो, माझ्याहून जुना आहे. जुना क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशीनांचा संच, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला बंद करायचा, नवा लावायचा, म्हणून त्याने सगळ्या खात्यांची यादी काढली. २०११ मध्ये योगीने एक काम लावून ठेवलं होतं: रोज सकाळी सहाला त्याच्या फोल्डरमधल्या कोडवर चाचण्या चालवायच्या आणि निकाल गाइडला, म्हणजे मला, कळवायचा. माणूस गेला, काम तसंच राहिलं. मधे तीनदा मशीनं बदलली, पण मंजुनाथने दर वेळी सगळी खाती आहेत तशी उचलून नव्या जागी ठेवली. कुठली वीट काढली तर कुठली भिंत पडेल, कोण जाणे, हे त्याचं तत्त्वज्ञान. ही पत्रं माझ्या इमेलमध्ये एका बाजूच्या कप्प्यात आपोआप जात होती. काल काहीतरी बदललं आणि ती समोर आली.

कप्पा उघडला. पाच हजारांवर पत्रं. सगळ्यांत एकच ओळ, 'सर्व चाचण्या पास.'

श्रीरंगला जेवताना सांगितलं. इलेक्ट्रॉनिक सिटीत दिवसभर मीटिंगा करून आलेला नवरा, त्याला आयतं खाद्य मिळालं. म्हणाला, "चौदा वर्षं एक माणूस रोज सकाळी 'सगळं ठीक आहे' म्हणून कळवतोय आणि तू एकदाही उघडून बघितलं नाहीस? मी असतो तर आठवड्यात रुसलो असतो."

मी हसले. मग भात गेला नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

संचालकांचा फोन. पंधरा ऑक्टोबरला सभागृहात माझं व्याख्यान, विषय 'संशोधनातला प्रामाणिकपणा'. कंपायलरवर बोलते म्हटलं तर म्हणाले, "ते तुम्ही नेहमीच बोलता. ह्या विषयावर तुमच्याइतका अधिकार कुणाला आहे?"

अधिकार म्हणजे २०१२. चूक सापडताच मी स्वतःचा निबंध स्वतः मागे घेतला होता, ते लोक अजून विसरलेले नाहीत. खरं सांगायचं तर आमच्या 'वेणी'मुळे माझं नाव झालं त्याहून जास्त त्या माघारीमुळे झालं. पुढच्या वर्षी दुरुस्त वेणी आली तेव्हा कुणी एक आकडा तपासायला मागितला नाही. भार्गवीबाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक माझ्याबद्दल म्हणू लागले.

सामान्य श्रोत्यांसाठी कसं मांडायचं ते लिहून बघते. माणूस प्रोग्राम लिहितो, पण यंत्राला तो तसाच्या तसा कळत नाही. मधे दुभाष्या लागतो, तो कंपायलर. आमचा दुभाष्या, वेणी, काम लवकर उरकायची युक्तीही सांगतो. हजार ओळींची बेरीज असेल तर एकेक ओळ न उचलता सोळा-सोळांची जुडी उचलायला लावतो. बासष्ट जुड्या म्हणजे नऊशे ब्याण्णव ओळी. उरल्या आठ. त्या आठांसाठी वेगळा छोटा तुकडा लिहावा लागतो. तो कंटाळवाणा असतो आणि वेगही खातो. योगीराजने तो तुकडा काढून टाकला. लहान तक्त्यांवर वेग दीडपट झाला. उत्तर अर्थातच चुकलं, चाचणी नापास झाली. तेव्हा त्याने चाचणीतली सूट वाढवली. आधी अब्जात एकाचा फरक चालायचा, तो शंभरात एक केला. चाचणी पास, निबंध रवाना. दोन महिन्यांनी चेन्नईच्या एका गटाने विचारलं, तुमच्या उत्तरांतल्या शेवटच्या आठ ओळी कुठे गेल्या?

मी नोंदी बघितल्या. बदल योगीच्या नावावर होता. मी निबंध मागे घेतला, आणि महिन्याभरात तो पीएचडी सोडून गेला.

नवी मुलं आली की दर वर्षी ही गोष्ट मी सांगते. चाचणी पास व्हावी म्हणून चाचणीच सैल करणं, ह्याला आमच्या लॅबमध्ये 'योगी करणं' म्हणतात. कन्नड मुलं एकमेकांना म्हणतात, "योगी माडबेड," योगी करू नको. व्याख्यानाची सुरुवात इथूनच करावी. लोक हसतील आणि मग ऐकतील.

बुधवार, १७ सप्टेंबर

शिवलीलाला टाकायच्या आधी वाचायची खोड आहे. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, चिक्कोडीकडची. घरी मराठी, शाळा कन्नड, आकडे अजून कन्नडात मोजते. योगीचं खातं बंद करायचं काम तिच्याकडे दिलं होतं. एका आदेशाचं काम. तिने आठवडा लावला.

काल तिने त्याच्या फोल्डरमधली चाचणीची सूट पुन्हा पूर्वीसारखी अब्जात एक करून ठेवली, नुसतं बघायला. तो कोड निबंध गेला त्या दिवशी होता तसाच आहे, कुणी वापरत नाही. आज सकाळी सहा दहाला पत्र आलं, 'एक चाचणी नापास.'

चौदा वर्षांत पहिल्यांदा तो नाही म्हणाला. हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. उगाच.

अकराला ती लॅपटॉप घेऊन खोलीत आली. "मॅडम, स्वल्प बघा की हे. बदल करणाऱ्याचं नाव योगी आहे, पण फुडं मशीनचं नाव पण आलंय. योगी ॲट अबोली. तारीख नऊ नोव्हेंबर दोन हजार अकरा, सकाळी अकरा चाळीस. अबोली कुठलं मशीन?"

त्या काळी आमच्या मशीनांना फुलांची नावं होती. मोगरा, शेवंती, चाफा, अबोली. हौस माझीच.

"लॅबमधलंच एखादं," मी म्हणाले.

हे खोटं नाही. माझी खोलीसुद्धा लॅबमध्येच येते.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

मेट्रोत योगी पाठमोरा दिसला. बॅग पोटाशी धरून उभा राहायची तीच ढब, मान तशीच किंचित डावीकडे. दोन स्टेशनं मी त्याच्या मानेकडे बघत होते. उतरताना तोंड दिसलं, वीस-बावीस वर्षांचा भलताच कुणी. योगी आता चाळिशीचा असेल, हे माझ्या डोक्यातच येत नाही. तो तेवढाच राहिलाय.

आणखी एक वेड लागलंय. कुठलीही यादी हातात आली की आधी शेवटच्या आठ ओळी बघते. आज हजेरीचा तक्ता. काल भाचीच्या लग्नाच्या निमंत्रणांची यादी. आठही जागेवर होत्या.

अलीकडे सहा वाजताच जाग येते. सहा दहापर्यंत फोनकडे बघत नाही, आणि सहा दहाला बघते.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले.

योगीचे वडील त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी गेले. निबंधाची अखेरची तारीख दहा नोव्हेंबर. दहावं उरकून लगेच ये, बाराव्याला थांबू नकोस, असं मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, आई ऐकत नाही. हे मला स्वच्छ आठवतं, कारण मला राग आला होता.

बारावं नऊ तारखेला असेल का? वडील एकोणतीसला गेले असतील तर नऊ. निपाणीहून बंगळूर दहा तास. बाराव्याचा स्वयंपाक, पंगत, सगळं दुपारपर्यंत चालतं. म्हणजे सकाळी अकरा चाळीसला तो इथे असणं जरा अवघडच. पण काही लोक आदल्या दिवशी उरकतात. किंवा वडील अठ्ठावीसला गेले असतील.

रजेचा जुना तक्ता कपाटात आहे. किल्ली मंजुनाथकडे. मागितली नाही. घटाला पाणी घालायचं होतं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते आज कळलं. मी लॅबच्या दारापाशी पोचले आणि आतून शिवलीलाचा आवाज आला. ती मंजुनाथला कन्नडात अबोलीबद्दल विचारत होती. तो नव्या मशीनच्या वायरी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "अबोली? अदु मॅडम रूमल्लि इत्तु." मॅडमच्या खोलीत होतं ते. वर कौतुकानेही सांगितलं, दोन पावसाळे खिडकीतून पाणी यायचं, त्यावर तो प्लास्टिक घालायचा.

मी आत गेले. मंजुनाथ हसला. शिवलीला उभी राहिली.

मी म्हणाले, "तेव्हा माझ्या मशीनवर कुणीही येऊन बसायचं गं. दार उघडंच असायचं."

"सरी, मॅडम," ती म्हणाली. बरं, एवढंच.

मुलगी जरा बुजरी आहे. नंतर दिवसभर माझ्याशी नजरेला नजर देऊन बोलली नाही. व्याख्यानाच्या स्लाइडा तिच्याकडून करून घ्यायच्या होत्या, पण असू दे, मीच करीन.

बुधवार, १ ऑक्टोबर

आयुधपूजा. मंजुनाथचा दिवस. पहाटेपासून आंघोळ करून, पांढरा पंचा नेसून हजर. नव्या क्लस्टरला झेंडूची माळ, प्रत्येक कपाटाला हळदीकुंकवाचं बोट. जुन्यालाही तेवढीच माळ. "इतकी वर्षं खाल्लं त्याचं," म्हणाला. माझ्या हातून आरती करवली. मग फाटकाबाहेर नेऊन कोहळा फोडला. आतून कुंकू लावलेला, रस्ताभर लाल फोडी.

त्यानंतर चुरमुरे, पेढे, आणि रीतीप्रमाणे माझे चार शब्द. यंदा नवी पाच मुलं. त्यांच्यामागे शिवलीला भिंतीला टेकून उभी.

मी ठरवलं होतं की आज दुसरं काहीतरी बोलायचं. मशीनांवर, नव्या वेगावर, काहीही. तोंड उघडलं आणि तीच गोष्ट बाहेर आली. शब्द न् शब्द पाठ आहे. "आमच्याकडे योगीराज म्हणून एक मुलगा होता. हुशार होता, पण घाई नडली." जिथे मुलं हसतात तिथे मी थांबले, आणि ती हसली. "तर योगी करू नका," म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

वर बघितलं तेव्हा भिंतीपाशी शिवलीला नव्हती. तिचा पेढा खिडकीत ठेवलेला होता.

संध्याकाळी मंजुनाथने जुना क्लस्टर बंद केला. पंख्यांचा आवाज थांबला तेव्हा कळलं, किती वर्षं तो कानात होता.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. सहा दहाला पत्र आलं नाही. येणार नव्हतंच, मशीनच बंद आहे. तरी साडेसातपर्यंत फोन हातात घेऊन बसले होते. श्रीरंग उठला, म्हणाला, कुणाची वाट बघतेस?

खरं लिहिते. निदान इथे.

नऊ नोव्हेंबरला सकाळी नऊला मी योगीला फोन केला. मागे भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी त्याला हाका मारत होतं, योगी, पानं मांडायची आहेत. मी म्हणाले, तुझ्या फोल्डरमधून शेवटची मोजणी घ्यायची आहे, पासवर्ड दे. त्याने एकेक अक्षर सांगितलं. भागुबाई, आणि पुढे चार आकडे. आईचं नाव. मी ते अबोलीवर टाइप केलं. तो म्हणाला, "मॅडम, त्या आठ ओळींच्या तुकड्यानं वेग स्वल्प कमी दिसंल. पण उत्तर बरोबर आहे. मी आलो की बघतो त्याचं."

साडेअकराला मी तो तुकडा काढला. नुसतं बघायला, किती फरक पडतो ते. दीडपट. मी पस्तिशीची होते, नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि इतका देखणा आकडा माझ्या पडद्यावर कधी आला नव्हता. चाचणी नापास झाली. मी सूट वाढवली, संध्याकाळी परत करू म्हणून. मग आलेख काढला, मग दुसरा काढला, मग निबंध गेला.

विसरले होते, असं मी स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. जानेवारीत चेन्नईचं पत्र आलं तेव्हा घाबरत नोंद उघडली. माझं नाव असेल म्हणून डोळे बारीक करून बघितलं. तिथे योगी लिहिलेलं होतं. तेव्हा मला काय वाटलं ते आजवर कुठेही लिहिलेलं नाही. मला हायसं वाटलं.

त्याला बोलावलं. मी खोटं बोललेसुद्धा नाही. फक्त पडदा त्याच्याकडे वळवला आणि विचारलं, "हे काय आहे?" तो खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माझंच नाव आहे, मॅडम."

मी म्हणू शकले असते. एक वाक्य होतं. मी म्हणाले, "असं कसं केलंस रे?"

ज्या माणसाला मी पाच हजार दिवस उघडून वाचलं नाही, त्याच्या नावाची मी म्हण करून ठेवली आहे. मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

शिवलीला आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, मी कुणालाच सांगणार न्हाई. तुम्ही बोलला न्हाईसा तर मी कशाला बोलू? पण पुढच्या वर्षी पूजेला मी थांबणार न्हाई. मला ती गोष्ट परत ऐकवणार न्हाई."

मी म्हणाले, "तुला काय वाटतं, मी काय करावं?"

"मी काय सांगू? तुम्ही मोठ्या." मग तिने एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. पत्ता आणि फोन नंबर. "चिकपेटात दुकान आहे त्यांचं. वजनकाटे विकत्यात, दुरुस्त करत्यात. निपाणीची माणसं, दोन फोनात सापडली. मी त्यांना फोन केलेला न्हाई."

म्हणजे इतकी वर्षं तो माझ्यापासून मेट्रोने पाऊण तासावर होता.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

विचार करून एक मार्ग दिसतो. आधी त्याला भेटायचं, एकट्याने. सगळं सांगायचं. तो भला आहे, तेव्हाही होता. त्याने माफ केलं तर बाकीच्यांना सांगून कुणाचं काय भलं होणार आहे? वेणी आज बरोबर चालते. उगाच संस्थेची बदनामी. व्याख्यान द्यायचं, त्यातून ती गोष्ट तेवढी काढायची. पूजेच्या दिवशी दुसरं काही बोलायचं. त्याने एकदा 'जाऊ द्या मॅडम' म्हटलं की पुरे.

हे लिहून झाल्यावर बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

शनिवार, ११ ऑक्टोबर

संचालकांना पत्र गेलं. चिकपेट मेट्रोच्या बाकावर बसूनच लिहिलं आणि पाठवलं. नऊ नोव्हेंबरचं सगळं आहे त्यात, वेळेसकट. व्याख्यान मी देणार नाही. लॅबमधल्या सगळ्यांना आणि चेन्नईच्या त्या गटाला प्रत पाठवली. श्रीरंगला फोनवर सांगितलं. आता दुपारचं लिहिते.

बाराच्या सुमाराला पोचले. साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेली माणसं, हातगाड्या, मधे मी. हार्डवेअरच्या बोळात आठ फुटी दुकान, भिंतभर वजनकाटे. आत एक टक्कल पडू लागलेला माणूस मऊ कापडात धरून पितळी वजन काट्यावर ठेवत होता. मान किंचित डावीकडे. ह्या वेळी तो खरोखरच होता.

त्याने मला लगेच ओळखलं. उठताना स्टूल पडलं. "मॅडम! तुम्ही? या की, या, बसा." शेजारच्या हॉटेलातून कॉफी सांगितली. मागच्या बाजूला खुर्चीत एक म्हातारी बाई, हिरवं लुगडं, पाय स्टुलावर. "आई आहे. घरात एकटी राहत न्हाई, म्हणून रोज घेऊन येतो."

भागुबाई. मी ते नाव अक्षर अक्षर टाइप केलेलं आहे. मी नमस्कार केला.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, वजन कापडात का धरतोस? म्हणाला, "बोटाचं तेल लागलं तरी वजन वाढतं, मॅडम. लोक हसत्यात मला. इतकं कुणी बघत न्हाई बाजारात."

मग तोच आधी बोलला. मी तोंड उघडायच्या आत. "मॅडम, एक मनात राहिलं होतं. तुमचं नाव जायची पाळी आणली मी तवा. पोलीस न्हाई, चौकशी न्हाई, तुम्ही मला गुमान जाऊ दिलं. माफी मागायला चार वेळा संस्थेच्या फाटकापर्यंत आलोय. आत यायचं धाडस झालं न्हाई."

मी म्हणाले, "योगी, ते तू केलेलं नाहीस."

तो हसला. "नाव माझंच होतं की, मॅडम. मला आठवत न्हाई, पण अप्पा गेले तवा डोकं कुठं ठिकाणावर होतं? केलं असंल मीच."

मग मी सांगितलं. फोन, पासवर्ड, अबोली, अकरा चाळीस. भराभर सांगितलं, मधे थांबले असते तर पुढे गेले नसते. तो हातातलं वजन कापडाने पुसत राहिला. चिडला नाही. मी त्याच्या चिडण्याची तयारी करून गेले होते. 'जाऊ द्या' म्हणण्याची तर फारच. त्याने एकच विचारलं.

"म्हणजे माझा तुकडा बरोबर होता?"

"बरोबर होता."

"आठी ओळी येत होत्या?"

"येत होत्या."

त्याने वजन पेटीत ठेवलं. पेटीचं झाकण लावलं, परत उघडलं. "मला वाटायचं, मला जमतच न्हाई ते," तो म्हणाला. "म्हणून परत कुठं अर्ज केला न्हाई. दोन जागी बोलावलं होतं. गेलो न्हाई."

कॉफी आली होती, तिच्यावर साय धरली.

मागून भागुबाईंनी विचारलं, "काय म्हणत्यात रं बाई?"

"काय न्हाई, आई."

"काय न्हाई कसं? तुजा चेहरा बघ की."

तो माझ्याकडे वळला. "तुम्हीच सांगा मॅडम. मी सांगितलं तर तिला वाटंल, मन राखायला सांगतोय."

मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. जमेल तितकं सोपं करून सांगितलं, की तुमच्या मुलाचं शिक्षण मोडलं ते त्याच्या चुकीमुळे नाही. तो बाराव्याला तुमच्याकडे होता, त्या सकाळी इथे मी चूक केली आणि ती त्याच्या नावावर राहिली. मी राहू दिली.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे मी बोलिवलं म्हणून न्हवं?"

मला कळलं नाही. योगीराजलाही कळलं नाही. तो म्हणाला, "काय, आई?"

"मी तुला बाराव्याला ऱ्हा म्हटलं. बाई नको म्हणत हुत्या, तरी मी हट्ट केला. तू माघारी गेलास आनि दोन म्हैन्यात सगळं मोडलं. मला वाटलं, माज्या हट्टापायी पोराचं शिक्षण गेलं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुज्या म्होरं कधी बोलले न्हाई."

चौदा वर्षं. तो आईकडे बघत उभा राहिला. दोघं एका घरात, एका दुकानात, आणि दोघांनी आपापली चूक म्हणून ती वेगवेगळी सांभाळली. जिची होती ती दर दसऱ्याला पेढे खात होती.

भागुबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. "मग बाई, तवाच का सांगिटला न्हाईसा?"

"आई, राहू दे," योगीराज म्हणाला.

"ऱ्हाऊ दे कसं? मी इचारतीया त्यास्नी."

मी म्हणाले, "मला ते सोयीचं होतं म्हणून." दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांना ते उमगलं नसावं, त्यांनी मुलाकडे बघितलं. एक गिऱ्हाईक काटा घेऊन दारात आलं होतं. योगीराजने त्याला हाताने थांबायला सांगितलं, आईच्या खुर्चीपाशी वाकला आणि तिच्या बोलीत समजावून सांगितलं.

"त्यास्नी तसं बरं पडत हुतं, आई."

भागुबाईंनी मान हलवली.

"व्हय," म्हणाल्या. "असतंय तसं."